भुतांना त्यांचं गाव परत द्या

'सत्य घटनेवर आधारित' असं छातीठोकपणे सांगून सुरू होणाऱ्या मराठी भयकथांचा यूट्यूबवर सध्या पूर आला आहे. कान देऊन ऐकावं तर घटना कुठली, गाव कुठलं, मेलं कोण, याचा थांगपत्ता लागत नाही. अमावास्या असते, दुचाकी बंद पडते, पांढऱ्या साडीतली बाई हात दाखवते. मागे तेच कुत्र्यांचं रडणं आणि तेच दाराचं करकरणं. गोष्ट कोल्हापुरात घडली काय नि मौद्यात घडली काय, एका शब्दाचाही फरक पडत नाही. मराठी भयकथेला आज लागलेला रोग हाच आहे. भूत दाखवायची घाई सगळ्यांना आहे, ते कुणाचं हे सांगायला कुणी तयार नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याकडची तोंडी गोष्ट ज्यानं ऐकली आहे त्याला हे सहन होणार नाही. तालुका धानाचा. पेंचच्या नहराचं पाणी पाळीनं मिळतं, आणि पाळी रात्रीची आली की बॅटरी नि फावडं घेऊन बांधीवर जावंच लागतं. लोंबी भरली की रानडुकरांसाठी जागल लागते. गोष्टी रंगतात त्या अशा वेळी, कामाच्या जागी. चकव्याची गोष्ट घ्या. माणूस ओळखीच्या वावरातून घराकडे निघतो, धुऱ्यामागून धुरे ओलांडतो आणि फिरून त्याच चिंचेखाली येतो. ऐकणाऱ्याला ओघात उपायही कळतो: चालत सुटायचं नाही, आहे तिथंच बसून घ्यायचं, उजाडू द्यायचं. सगळ्या बांध्या एकसारख्या, पायाखाली साप, मधे कठडा नसलेली विहीर. अशा काळोखात याहून शहाणा सल्ला दुसरा नाही. चकवा वगळून हाच सल्ला दिला असता तर तो कुणाच्या लक्षात राहिला नसता.

आणि सांगण्याची रीत पाहा. जाणता सांगणारा भुतापासून कधीच सुरुवात करत नाही. आधी तो जागा पक्की करतो: धुरा कुणाचा, तेव्हा कन्हान नदीवर पूल होता की डोंगा लागायचा, त्या साली पाऊस कसा होता. मग मेलेल्या बाईचं नातं सांगतो. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी मधेच अडवतं, 'मोठी नाही, मधली सून', आणि तो ते मान्य करून पुढे जातो. ती सून विहिरीवर का गेली, घरात त्या दिवशी काय झालं होतं, हे सगळं आल्यावर मग कुठे रात्रीचा रहाट वाजू लागतो. तोवर ऐकणाऱ्याला कळलेलं असतं की भ्यायचं ते तिला नाही, तिच्या घराला.

भुतांच्या जातीच पाहिल्या तरी हे दिसतं. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंज्या. बाळंतपणात गेली ती अळवंतीण, हडळ. ज्याची वासना धनात अडकली तो समंध. पिकल्या पानानं गळून पडावं तसा जो सुखानं गेला, त्याचं भूत होत नाही. अपुऱ्या, अवेळी, अन्यायाच्या मरणांची ही लोकांनी तोंडी ठेवलेली नोंद आहे. बाळंतिणी मरत होत्या, सुना विहिरी जवळ करत होत्या आणि त्यांची बाजू मांडायला कुठलीही कचेरी नव्हती, त्या काळात ती बाजू गोष्टीनं मांडली. माणसं भुताच्या गोष्टी का सांगतात, याचं मला पटलेलं उत्तर एवढंच आहे.

या कसोटीवर मराठीतलं बाकीचं भयलेखन आणि भयपट लवकर आटोपतात. भयकथाकार नारायण धारपांनी तीन पिढ्या जागवल्या, पण त्यांचं अमंगळ बहुधा अज्ञातातून येतं, आणि मागून आलेल्यांनी नेमकं तेवढंच उचललं. रत्नाकर मतकरींनी भीती माणसाच्या आत शोधली. अनुकरण करणारे शेवटच्या ओळीतला धक्का तेवढा शिकले. विनोदी भूतपटांसाठी ही एक ओळ पुरे. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आणि 'तुंबाड', 'मुंज्या' हे चित्रपट यांनी २०१६ ते २०२४ या काळात मराठी भुताला कोकणचा कायम रहिवासी करून टाकलं. त्यांतला 'तुंबाड' मोठाच, कारण त्यातल्या भीतीला लोभाचं नाव आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, तो काही नुसत्या पावसामुळे आणि वाड्यामुळे नाही. पण माझ्या लेखी त्याहून जवळचा आहे विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा चित्रपट. उसाच्या फडात वेढलेलं घर, गरोदर बाई, आणि जन्मूच न दिलेल्या मुलींचा हिशेब. तिथं फड काढून टाका, गोष्ट कोसळते. जागा आणि अपराध असे एकमेकांत रुतलेले असले की कर्कश पार्श्वसंगीताची गरज लागत नाही.

मग आमच्याकडचं का लिहिलं जात नाही? वीज आली, भुतं गेली, असं म्हणायची पद्धत आहे. मौद्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता २३२० मेगावॅट आहे आणि त्याच्या दिव्यांच्या उजेडात बसलेली पोरं मोबाइलवर भुताच्याच गोष्टी ऐकताहेत. विषय तर पावलापावलावर आहेत. कन्हानच्या पात्रातून रेती उपसली जाते. पूर्वी डोह कुठे आहे हे गावाला ठाऊक असायचं, आता यंत्रानं रातोरात केलेला खड्डा कुणालाच ठाऊक नसतो. त्यात बुडालेल्या पोराबद्दल 'पोहण्याचा मोह नडला' असं लिहून मोकळं होता येतं. गोष्ट मोकळी होऊ देत नाही. ती विचारते, खड्डा कुणी केला? गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात नागपूर-भंडारा जिल्ह्यांतल्या गावांचे पार आणि पिंपळ गेले. ज्याचा पिंपळच बुडाला त्या मुंज्यानं कुठं जावं? विस्थापनावर याहून भेदक प्रश्न कुठल्या अहवालात विचारलेला मला दिसला नाही.

विवेकवादी मित्र इथं हरकत घेतील, आणि ती हलकी नाही. श्याम मानव यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती नागपुरातच उभी राहिली. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि तरीही २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना खांबाला बांधून मारलं गेलं. अशा मुलखात भुतांची भलामण करायची? मी म्हणतो, नीट पाहा. भगत जिवंत, एकट्या बाईवर बोट ठेवतो आणि सबळांना सोडून देतो. चांगली भूतकथा मेलेल्या दुबळ्याची बाजू घेते आणि जिवंत सबळांना जाब विचारते. कायदा हवाच, तो कसून राबवलाही पाहिजे. पण जी गोष्ट ऐकून शेजारच्या म्हातारीचा संशय येतो ती भगताची गोष्ट. जी ऐकून आपल्याच घराची, आपल्याच गावाची शरम वाटते ती आपली. दोन्हींना एकाच मापानं मोजणारा माणूस भगताचंच काम सोपं करतो.

म्हणून झाडीपट्टीच्या, विदर्भाच्या लिहित्या पोरांना माझं सांगणं आहे: अमावास्या आणि पांढरी साडी सोडा. आपल्या धुऱ्यावरची, घाटावरची, हायवेवरची जागा पक्की करा. कोण मेलं, कशानं मेलं आणि त्यात कुणाचा हात होता, हे आधी शोधा आणि लिहा. एवढं उत्तर द्यायची ज्याची छाती नाही, त्यानं भुताची गोष्ट सांगायला बसू नये.