चकाकणारे टॅब आणि देवनागरी अक्षर : एक चिकित्सा

इ.स. 2000 मध्ये अॅपलने ‘अॅक्वा’ ही दृश्यशैली जाहीर केली आणि पडद्यावरील कळ काचेच्या थेंबासारखी चकाकू लागली. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टाने तशीच चकाकी अधिक दूरवर नेली. त्या दशकात संकेतस्थळांच्या माथ्यावरील टॅब फोटोशॉपमध्ये याच रीतीने घडविले जात. गोल कोपऱ्यांचा आयत, खाली गडद होत जाणारी रंगछटा, बारीक कड आणि वरच्या अर्ध्या भागावर विरळ केलेला पांढरा थर, एवढीच त्याची कृती. 2013 मध्ये आयओएस 7 आल्यानंतर सपाट शैली रूढ झाली व ही चकाकी अभिरुचिहीन ठरली. मराठीच्या संदर्भात मात्र हा निवाडा अपुरा वाटतो.

टॅबची मूळ कल्पना कार्यालयीन फायलीच्या कडेला बाहेर डोकावणाऱ्या पट्टीची आहे. ती पट्टी कागदाची. तिला काचेची झळाळी देणे हीच मुळात विसंगती होय. पण खरी अडचण अक्षराची आहे. या टॅबची उंची व चकाकीची रेषा रोमन अक्षराच्या मापाने ठरलेली असे. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार शिरोरेखेच्या वर येतात, म्हणजे नेमक्या उजळ भागात. पांढऱ्या अक्षरांतील ‘विद्यार्थी’ या शब्दाचा रफार त्या पांढऱ्या थरात विरून जाई, तर अरुंद टॅबमध्ये उकार खालच्या कडेला टेकत.

असे असूनही मराठी टॅब चित्ररूपात का घडविले गेले? 2003 मध्ये डग्लस बोमन यांनी चित्र पार्श्वभूमीस ठेवून त्यावर खरा मजकूर कसा ठेवावा, हे दाखवून दिले होते. इंग्रजीस तो मार्ग खुला होता. मराठीचे तसे नव्हते. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय स्वतंत्रपणे सुरू करावी लागे. न केल्यास जोडाक्षरे फुटत किंवा चौकोन दिसत. खुद्द फोटोशॉपच्या तत्कालीन सर्वसाधारण आवृत्त्यांतही युनिकोड देवनागरी नीट जुळत नसे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसे. म्हणून जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये शब्द टंकित करून त्याचे चित्र करणे, हाच भरवशाचा उपाय होता. इंग्रजीत जी हौस होती, ती मराठीत गरज होती.

या गरजेची किंमत वाचकाने मोजली. सात टॅब, प्रत्येकाची साधी व माऊस वर नेताच उजळणारी अशी दोन रूपे, प्रत्येकी 4 किलोबाइट धरले तरी 56 किलोबाइट होतात. दूरध्वनीच्या तारेवरील 56 किलोबिट या कमाल वेगानेही त्यास आठ सेकंद लागत. तो वेग खेड्यात क्वचितच मिळे. दृष्टिहीन वाचकाची गैरसोय याहून मोठी. प्रतिमेस पर्यायी मजकूर द्यावा, असे 1999 च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले होते. परंतु तो मजकूर जुन्या फॉन्टच्या संकेतांत लिहिला, की वाचक-प्रणालीस निरर्थक रोमन अक्षरेच ऐकवावी लागत.

आता युनिकोड देवनागरी सर्वत्र दिसते आणि गोल कोपरे व रंगछटा चित्राविनाही साधतात. सवय मात्र गेली नाही. महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली सूचना आजही आढळते. वाशीम जिल्ह्यातील अनसिंगच्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘प्रवेश’ हा शब्द शोधयंत्रात लिहिला, तर ती सूचना तिला सापडेलच असे नाही.