चहाच्या टेबलावरचं भाषाविज्ञान

युनिव्हर्सिटीतल्या भाषाविज्ञान विभागाचं बातमीपत्र हा एक वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची समीक्षा व्हायला पाहिजे. कथा-कवितेवर आपण पानंच्या पानं लिहितो. पण जो कागद 'साहित्य' म्हणून मिरवत नाही त्याच्याकडे कुणी डोळे उघडून बघत नाही. व्यवस्था मात्र अशाच कागदात बेसावध बोलते.

काय असतं त्यात? अमक्या सरांना परदेशचं निमंत्रण. तमक्या बाईंचा पेपर. डॉक्टरेट कुणाला मिळाली, कोण कुठे चिकटलं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मुलगी झाली. विभागाची सहल, निरोप समारंभ, साठी झाली की गौरवग्रंथ, आणि शेवटच्या पानावर काळ्या चौकटीत श्रद्धांजली. अमेरिकेतल्या विभागांचंही असंच. तिथं सहलीऐवजी प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण, एवढाच फरक. भाषा साखरेत घोळलेली. आणि एक शब्द हमखास येणार : कुटुंब. आपलं विभागाचं कुटुंब!

माझं भांडण या शब्दापासून सुरू होतं. या देशात कुटुंब कशानं बनतं? रोटीनं आणि बेटीनं. म्हणजे जातीनं. शब्दांच्या अर्थावर ज्यांचा पगार चालतो त्यांनी 'कुटुंब' हा शब्द इतक्या सहज लिहावा आणि त्यात कोण मावतं, कोण मावत नाही हे विचारू नये? बरं, हे विचारायची हत्यारं त्यांच्याच शास्त्रात तयार झालेली आहेत. तीच त्यांच्यापुढे ठेवतो.

जॉन गंपर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातलं एक गाव अभ्यासलं. लेखात गावाचं नाव खालापूर. आपल्या रायगडातलं खालापूर नव्हे. लेख 1958 सालचा, 'अमेरिकन अँथ्रपॉलॉजिस्ट' या नियतकालिकातला. त्याला दिसलं ते असं : स्पृश्य जातींची बोली बरीचशी एकसारखी. तीन अस्पृश्य जातींची मात्र त्यांच्याहून वेगळी, आणि एकमेकींहूनही वेगळी. शेतात राबणारे चमार, जोडे करणारे, झाडलोट करणारे, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. आता कुणीही म्हणेल की संपर्क नसेल म्हणून. पण संपर्क तर रोजचा होता! मालकाच्या शेतात, मालकाच्या दारात, सकाळपासून रात्रीपर्यंत. गंपर्झचा निष्कर्ष असा की कामाच्या संपर्कानं बोली एक होत नाही. ती एक होते मैत्रीच्या संपर्कानं, रिकाम्या वेळच्या गप्पांत. तो संपर्कच नव्हता.

हे वाक्य नीट वाचा. जातीवर भाषाविज्ञानानं केलेलं याच्याइतकं नेमकं विधान मला दुसरं माहीत नाही.

पुढं 1971 साली गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लिहिलं. तिथं जैनांच्या घरात कानडी, मुसलमानांच्या घरात उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरात तेलुगू, आणि अस्पृश्यांच्या व भूमिहीन मजुरांच्या घरात मराठी. शेकडो वर्षं एकाच गावात राहून या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तरी चार भाषा चारच राहिल्या. कारण उंबऱ्याच्या आतलं जग वेगळं. व्याकरण मिसळलं, माणसं नाही मिसळली. जगभरचे विद्यार्थी कुपवाडचं हे उदाहरण पाठ करून परीक्षा देतात. आपल्या विभागाच्या उंबऱ्याचं काय, हा प्रश्न पेपरात येत नाही.

तोच आज विचारायचा. वस्तीतून आलेलं पोरगं विभागात प्रवेश घेतं. वर्गात बसतं, ग्रंथालयात बसतं, टेप ऐकून लिहून काढतं. हा झाला कामाचा संपर्क. पण कुठली फेलोशिप निघाली, कुठल्या सरांना पत्र लिहावं, कुठल्या सेमिनारची तारीख जवळ आली, हे वर्गात कोण सांगतं? ते चहाच्या टेबलावर कळतं. सरांच्या घरी सत्यनारायणाला गेलेल्यांना कळतं. नोटीस बोर्डावर येईस्तोवर अर्ज भरून झालेले असतात. बातमीपत्रात मग 'अभिनंदन' छापून येतं आणि सगळे म्हणतात, गुणवत्ता! अहो, गुणवत्ता असेलही. पण बातमी कुणाला आधी कळली हे पण लिहा की.

बातमीपत्रं बंद करा असं माझं म्हणणं नाही. मेलेल्या शिक्षकाबद्दल विद्यार्थ्यांनी चार ओळी लिहिणं ही माणुसकीच आहे. माझं म्हणणं नावांबद्दल आहे. ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 सालचा. त्यात बोलींची नावं बघा : कुणबी, आगरी, धनगरी, भंडारी, महारी. बोलीला जातीचं नाव आहे आणि बोलणारा माणूस बहुतेक बिननावाचा. त्याच्याकडून वदवून काय घेतलं? बायबलातली उधळ्या पोराची गोष्ट. त्याची स्वतःची गोष्ट कुणाला हवी होती! पुढं या माणसाला 'इन्फॉर्मंट' हे पद मिळालं. त्याच्या तोंडातल्या क्रियापदांवर डॉक्टरेट होते, पेढे वाटले जातात, बातमी छापली जाते. त्याच्या घरी पेढा पोचतो का?

दुसरीकडे काय झालं तेही बघू. ज्या काळ्या चळवळीकडे बघून आपल्या पँथरनं 1972 साली नाव घेतलं, त्याच लोकांच्या बोलीवर विल्यम लबाव्हनं न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम केलं. त्याचं पुस्तकही 1972 चंच. ते त्यानं अर्पण केलंय हार्लेमच्या गल्लीतल्या पोरांच्या टोळ्यांना, टोळ्यांची नावं घेऊन. 1979 साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात काळ्या मुलांच्या बाजूनं खटला उभा राहिला. शाळा मुलांची घरची बोली लक्षात न घेताच वाचायला शिकवते, असं म्हणणं होतं. जिनीवा स्मिदरमन ही काळी विदुषी त्यात पुढं होती, लबाव्हनंही साक्ष दिली, आणि न्यायाधीश जॉयनरनं शाळेला दोषी धरलं. नंतर लबाव्हनं लिहूनच टाकलं की ज्या समाजाकडून माहिती घेतली त्याचं भाषाशास्त्रज्ञावर ऋण असतं. गोरा म्हणून त्याला डोक्यावर घ्यायची गरज नाही. पण ऋण हा शब्द त्यानं वापरला. आपल्याकडे 'आभार' वापरतात, तळटीपेत.

आणि हा प्रश्न चहाबिस्किटाचा वाटत असेल तर हैदराबाद आठवा. केंद्रीय विद्यापीठात डिसेंबर 2015 मध्ये पाच दलित संशोधकांना सांगितलं गेलं की अभ्यास करा, पण हॉस्टेल बंद, एकत्र जमायच्या सार्वजनिक जागा बंद. म्हणजे गंपर्झच्या गावासारखंच. काम चालू, सोबत बंद. इथं मात्र त्याचा हुकूम लेखी निघाला. त्या पोरांनी आवारात उघड्यावर ठाण मांडलं आणि त्या जागेला नाव दिलं वेलीवाडा. तेलुगूत गावाबाहेरची दलितवस्ती. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. विद्यापीठाच्या सामाजिक जीवनाचं खरं वर्णन त्या एका शब्दात आहे. कुठल्याही बातमीपत्राच्या 'कुटुंबा'पुढे तो ठेवून बघा.

आपल्यातले काही म्हणतात, भाषाविज्ञान हा बामणांचा विषय, आपल्याला काय करायचंय. हे मला पटत नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. त्या माणसानं पाली व्याकरण आणि पाली कोशाचं काम केलं. सरकारी ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात ते 1998 साली छापून आलं. कुठल्या विभागाच्या टेबलावर बसून नाही केलं ते.

म्हणून जे आज विभागांत शिकताहेत त्यांना एक काम. आपल्या विभागाच्या बातमीपत्राचे मागचे दहा अंक काढा. मुक्काम, सहल, पार्टी, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळ्यातली नावं एका वहीत उतरवा. समोरच्या पानावर त्याच वर्षांतल्या प्रबंधांत ज्यांची बोली वापरली त्या माणसांची नावं लिहा, सापडली तर. कुठलं पान कोरं राहिलं ते आमच्याकडे कळवा. पुढच्या अंकात दोन्ही पानं शेजारी शेजारी छापू.