सचिन्ह आलेख आणि देवगिरीचा त्रिकोण

आलेखाच्या प्रत्येक रेषेस धन वा ऋण चिन्ह दिले म्हणजे सचिन्ह आलेख सिद्ध होतो. धन म्हणजे मैत्री व ऋण म्हणजे वैर, हा अर्थ फ्रँक हॅरारी यांच्या १९५३ च्या संतुलनविषयक निबंधानंतर विशेष रूढ झाला. ज्या आलेखातील प्रत्येक चक्राच्या चिन्हांचा गुणाकार धन येतो तो संतुलित. त्याचे बिंदू दोन पक्षांत असे विभागता येतात की पक्षांतर्गत सर्व रेषा धन व पक्षापक्षांमधील सर्व ऋण असतात.

या विचाराची कसोटी दौलताबादच्या, म्हणजे पूर्वीच्या देवगिरीच्या, इतिहासावर पाहता येते. अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवरील स्वारी १२९६ ची, वरंगळवरील फसलेली मोहीम १३०३ ची. यादव-काकतीयांचे वैर तर त्याहून जुने. देवगिरी, वरंगळ व दिल्ली या त्रिकोणाच्या तिन्ही रेषा ऋण, म्हणून तो असंतुलित. १३०७-०८ च्या मोहिमेनंतर रामदेवराव दिल्लीहून सन्मानाने परतला आणि १३०९-१० च्या वरंगळ मोहिमेत त्याने खलजी सैन्यास साहाय्य केले. एकच रेषा धन झाली आणि त्रिकोण संतुलित झाला. येथवर सिद्धांत व इतिहास यांचा मेळ बसतो.

पुढील सिद्धांताविषयी मात्र असे म्हणता येत नाही. थॉमस झास्लाव्स्की यांचे रंगण (१९८२) आणि नासेरासर, रोलोव्हा व सोपेना यांनी विवेचिलेली समाकारिता (२०१५) या दोहोंच्या मुळाशी चिन्हपालट आहे: एखाद्या बिंदूस मिळणाऱ्या सर्व रेषांची चिन्हे एकदम उलटली तरी आलेख तत्त्वतः तोच मानला जातो. दिल्लीच्या ठिकाणी असा पालट केला, तर तिघे परस्परशत्रू असलेला त्रिकोण आणि दिल्ली दोघांची मित्र पण ते दोघे आपसांत शत्रू असलेला त्रिकोण एकच ठरतात! शिवाय झास्लाव्स्की यांच्या नियमाने ऋण रेषेच्या टोकांस केवळ परस्परविरुद्ध संख्या वर्ज्य आहेत; त्यामुळे तिन्ही शत्रूंस १ हा एकच रंग देता येतो. उलट जेम्स डेव्हिस यांच्या १९६७ च्या गटविभागणीत हेच तिघे तीन निरनिराळ्या गटांत पडतात. तेथे रंग म्हणजे खरोखर पक्ष होय.

हा दोष सिद्धांताचा नव्हे, दृष्टान्ताचा आहे. चिन्हपालटाने चक्राचे चिन्ह बदलत नाही, आणि समाकारिताही बंद मार्गाचे चिन्ह राखते. म्हणूनच १३०७ पूर्वीच्या त्रिकोणाची नंतरच्या त्रिकोणावर समाकारिता संभवत नाही. रामदेवरावाने दिल्लीशी नाते बदलले, वरंगळशी नाही. म्हणजे तो चिन्हपालट नव्हता, हे गणित निःसंदिग्धपणे सांगते. कोण कोणाचा मित्र, हे मात्र ते सांगत नाही. तेव्हा अध्यापनात मैत्री-वैराचा दृष्टान्त संतुलनापर्यंतच न्यावा; रंगण व समाकारिता यांचा आरंभ चक्राच्या चिन्हापासून करावा, हेच श्रेयस्कर.