वाहत्या पाण्याचे दीर्घ उद्भासन छायाचित्र : जोतिबा परिसराच्या संदर्भात समीक्षा

प्रस्तावना

वाडी रत्नागिरी येथील जोतिबाचा डोंगर वारणा आणि पंचगंगा यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांगेवर आहे. या रांगेच्या उत्तर उतारावरील पावसाचे पाणी वारणेकडे, तर दक्षिण उतारावरील पंचगंगेकडे जाते. पुढे दोन्ही नद्या कृष्णेलाच मिळतात. अशा प्रदेशातील ओहोळ, बंधारे व घाट छायाचित्रकाराला खुणावतात. दीर्घ उद्भासन, म्हणजेच लाँग एक्स्पोजर, वापरून दिवसा टिपलेल्या छायाचित्रांत हे पाणी रेशमासारखे मऊ व शुभ्र दिसते. हे रूप मोहक आहे. परंतु त्यात पाण्याचे काय उरते आणि काय गाळले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र व परंपरा

भर उन्हात आयएसओ १०० व एफ/१६ असताना सुमारे १/१०० सेकंदाचे उद्भासन पुरेसे असते. दहा स्टॉपचा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर प्रकाश सुमारे एक हजार पटींनी कमी करतो. त्यामुळे उद्भासनकाल दहा सेकंदांपर्यंत वाढविता येतो. तेवढ्या वेळात खडक स्थिर राहतो. पाण्याच्या सर्व हालचाली मात्र एकमेकींत मिसळून उमटतात. आरंभीच्या काळात ही निवड नव्हती, अपरिहार्यता होती. दागेर यांनी १८३८ मध्ये टिपलेल्या पॅरिसमधील रस्त्याच्या चित्रात वाहती रहदारी नाहीशी झाली. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला माणूस मात्र उमटला. जे थांबते ते उरते, जे चालते ते लोपते, हा या तंत्राचा मूळ नियम होय.

निवडीचा प्रश्न

म्हणून दीर्घ उद्भासन असत्य ठरत नाही. १/१००० सेकंदात गोठलेला थेंबही मानवी डोळ्याला तसा दिसत नाही. दोन्ही ठिकाणी काळाची निवडच असते. प्रश्न आहे तो त्या निवडीच्या औचित्याचा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ व पंचगंगेचा परिसर रंगविला. पाण्यालगतचा माणूस ठेवावा की वगळावा, हे चित्रकार स्वतः ठरवितो. दहा सेकंदांच्या उद्भासनात हा निर्णय बहुतांशी यंत्राच्या नियमाने होतो : घाटावर कपडे धुणारी स्त्री किंवा स्नान करणारा भाविक पुसट होतो, दगडी पायऱ्या तेवढ्या स्पष्ट राहतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत हेच तंत्र वापरल्यास गुलालाचा प्रवाह दिसेल, पण नाचणारी सासनकाठी आणि ती पेलणारे हात हरवतील.

पंचगंगेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ तिची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुराच्या दीर्घ उद्भासन छायाचित्रात अर्ध्या बुडालेल्या वास्तूंवरून पाण्याची उंची कळते, परंतु त्याचा वेग व धाक लोपतो. गढूळ लोंढा शांत सरोवरासारखा भासतो. प्रदूषित पाण्यावरील फेसही त्याच न्यायाने धुक्यासारखा दिसतो. ज्या दृश्याने चिंता वाटावी, त्याने निव्वळ प्रसन्नता वाटणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

उद्भासनाचा काळ विषयानुसार ठरावा. डोंगरउतारावरील ओहोळासाठी प्रवाहाच्या वेगानुसार १/४ ते १/२ सेकंद बहुधा पुरेसे ठरतात. पाण्याचे धागे, दिशा व खडकावरील आघात त्यात टिकून राहतात. स्थिर वास्तू आणि वाहते पाणी यांतील विरोध हाच विषय असेल, तर दीर्घ काळ समर्थनीय आहे. महाविद्यालयीन स्पर्धांत छायाचित्रासोबत स्थळ, दिनांक व उद्भासनकाल यांची नोंद मागवावी आणि परीक्षकांनी पाणी किती मऊ दिसते याऐवजी ते तसे का दाखविले, हे विचारावे. नदीकाठच्या विद्यार्थ्याला आपली नदी सुंदर करून दाखविता येणे पुरेसे नाही. ती ओळखता येईल अशी दाखविता आली पाहिजे.