ठसा, साचा आणि आतली कोरी जागा



आजच्या विषयाचं नाव वाचून एका जुन्या विद्यार्थ्यानं मला दारातच गाठलं. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला कांट शिकवला, ॲरिस्टॉटल शिकवला. आता दिवाळीची कार्डं?" मी म्हटलं, बस तर खरं, ॲरिस्टॉटलही येणार आहे.

झालं असं की, मागच्या दिवाळीच्या आधी परभणीत एका छोट्या प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. परभणीच्या आणि सेलू, मानवत, गंगाखेडकडच्याही काही भगिनींनी आणि मुलामुलींनी हातानं केलेली दिवाळीची भेटकार्डं आणि फराळाचे कागदी डबे तिथं मांडले होते. त्या कार्डांची आणि डब्यांची आज समीक्षा करायची आहे. आपण कवितेची करतो तशीच, गांभीर्यानं. हातानं केलेल्या वस्तूला नुसतं "छान, छान" म्हणून पुढं जाणं म्हणजे तिच्याकडं न बघणंच झालं. आणि मी ती चूक तिथं केली. ती कशी, ते पुढं सांगतो.

आधी साधनं सांगतो, कारण इथं सगळ्यांनी ती पाहिलेली नसतील. एक असतो ठसा. रबराचा किंवा हल्ली पारदर्शक प्लॅस्टिकचा. शाईच्या गादीवर टेकवायचा आणि कागदावर दाबायचा. दुसरी असते डाय, म्हणजे पोलादाची धारदार पातळ आकृती. ती जाड कागदावर ठेवायची, वरखाली पाट्या लावायच्या आणि सगळं दोन रुळांमधून दांडा फिरवून काढायचं. रसवंतीतल्या चरकात ऊस घालतात ना, तसंच. फरक इतकाच की रसाऐवजी पलीकडून पणती निघते, पान निघतं, नक्षीची किनार निघते. डब्याची डाय असेल तर ती कागद कापते आणि घडीच्या रेघाही पाडते. छापखान्यात लग्नपत्रिकेला जे पंचिंग करतात, ते घरच्या टेबलावर आलं, असं समजा.

आता पहिला आक्षेप. तो माझ्या बरोबरच्या परीक्षकांनी तिथंच घेतला. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "सर, ठसा विकतचा, डाय विकतची, कागदसुद्धा विकतचा. मग याला हातानं केलेलं म्हणायचं तरी कसं?"

आक्षेप साधा नाही. आपली भाषासुद्धा या बाबतीत दोन तोंडांनी बोलते. एखादी कादंबरी आवडली नाही की आपण म्हणतो, "साचेबंद आहे." आणि लेखक थोर असला की म्हणतो, "त्यानं आपला ठसा उमटवला." आता बघा, साचा आणि ठसा ही एकाच घरातली भावंडं. दोघांचंही काम तोच आकार पुन्हा पुन्हा काढण्याचं. मग एक शिवी कशी झाली आणि दुसरी शाबासकी कशी?

वाल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताचा यंत्रयुगातल्या कलाकृतीवरचा एक प्रसिद्ध निबंध आहे, १९३६ साली प्रसिद्ध झालेला. त्यात तो सांगतो की प्राचीन ग्रीकांकडं कलावस्तूंच्या यांत्रिक प्रती काढण्याचे दोनच मार्ग होते : ओतणं आणि ठसवणं. काशाच्या मूर्ती, भाजलेल्या मातीच्या वस्तू आणि नाणी, एवढ्याच गोष्टींच्या त्यांना पुष्कळ प्रती काढता येत. म्हणजे ठसा हे काही आजच्या बाजारानं आणलेलं पाप नाही. ते फार जुनं हत्यार आहे.

आणि ग्रीसपर्यंत जायचं तरी कशाला? आपल्या स्वयंपाकघरात चला. चकलीचा सोऱ्या काय आहे? चांदणीच्या भोकाची चकती म्हणजे डायच की. सगळ्या गल्लीत चकती तीच, तरी चकली तोंडात टाकली की आपण सांगतो, ही अमक्या काकूंची. करंजीची कातण घ्या, मोदकाचा साचा घ्या, रांगोळीचे छापे घ्या, गोपीचंदनाच्या पितळी मुद्रा घ्या. महालक्ष्म्यांच्या सणात उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं उमटवतात. त्यासाठी मूठ वळून ती ओल्या पिठात किंवा कुंकवात बुडवून टेकवण्याची रीत आहे. तिथं तर हात स्वतःच ठसा होतो. हल्ली त्या पावलांचेही स्टिकर मिळतात, तो भाग वेगळा.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं : साचा वापरला म्हणजे हात संपला, असं नाही. साच्याच्या आधी काय घडलं आणि साच्याच्या नंतर काय घडलं, ते बघायला हवं.

आर. जी. कॉलिंगवूड यांचा १९३८ सालचा कलेच्या तत्त्वांवरचा ग्रंथ आहे. त्यांच्या मते कारागिरीत काय तयार होणार हे आधीच ठरलेलं असतं. योजना आधी, कृती नंतर. कलेत मात्र करता करताच कळत जातं की आपल्याला काय म्हणायचं होतं. या कसोटीवर डाय कठोरपणे नापास होते, कारण तिच्यात सगळं आधीच ठरलेलं आहे. पण त्या प्रदर्शनातलं एक कार्ड मला आठवतं. ऑनलाइन मागवलेल्या संचात एक बर्फाच्या फुलाची डाय आली होती, नाताळच्या कार्डांसाठी केलेली. आता परभणीत बर्फ कुठला! कृषी विद्यापीठात नोंदवलेला थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो हे खरं, पण बर्फ काही पडत नाही. पुष्कळांनी ते फूल तसंच चिकटवलं होतं, कळत नकळत. एका बाईंनी मात्र त्या सहा पाकळ्यांच्या फुलाभोवती पांढऱ्या रंगाचे ठिपके मांडले होते आणि त्याची ठिपक्यांची रांगोळी केली होती. परदेशी बर्फ आमच्या अंगणात येऊन बसला. डाय तीच, कापही तोच. पण योजना डायवाल्याची राहिली नव्हती, ती बाईंची झाली होती. मी माझ्या सहपरीक्षकांना म्हटलं, हात इथं आहे बघा. त्यांना पटलं. त्या कार्डाला आम्ही पहिलं बक्षीस दिलं.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. बक्षिसं वाटून झाली, चहा सुरू झाला. तेव्हा एक भगिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, कार्डं उघडून बघितली का?"

मित्रहो, उघडली नव्हती. आमच्या गुणपत्रिकेत रकाने होते सफाई, रंगसंगती, नावीन्य आणि मांडणी. आत काय लिहिलंय, याचा रकानाच नव्हता. आम्ही चाळीसेक कार्डं बाहेरून तपासली होती. पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहून परीक्षण लिहिणाऱ्याला मी जन्मभर हसलो, आणि इथं मीच ते केलं होतं.

मग मी एकेक कार्ड उघडत गेलो. बहुतेकांच्या आत काय होतं? "शुभ दीपावली", तेही ठशानंच. काहींच्या आत तर थरावर थर चढवलेली फुलं, पणत्या, टिकल्या, आणि पेन टेकवायलाही जागा नाही. आणि मग एक अगदी साधं कार्ड हाती आलं. वर कोपऱ्यात एकच पणतीचा ठसा, तोही एका बाजूनं फिका. सफाईला आम्ही त्याला दहापैकी चार गुण दिले होते. आत एका शाळकरी मुलीच्या अक्षरात मामाला लिहिलं होतं की या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं, तरी तुम्ही या. आई काही म्हणत नाही, पण वाट बघते.

त्या कार्डाला बक्षीस मिळालं नाही. यादी वाचून झाली होती. म्हणून हे व्याख्यान.

आता जरा इतिहासाकडं बघू, म्हणजे ही चूक केवळ माझी नाही हेही कळेल. बाजारात विकलं गेलेलं पहिलं नाताळचं कार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढलं. चित्र जॉन हॉर्सली यांचं, प्रती सुमारे १,०००, किंमत एक शिलिंग. १८४० पासून तिथं एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं आणि सणाला आलेल्या पत्रांचा ढीग साचत होता. प्रत्येकाला उत्तर लिहायला कोलसाहेबांना वेळ नव्हता. म्हणून शुभेच्छा छापूनच टाकल्या आणि कोरी जागा ठेवली ती फक्त दोन नावांसाठी, कोणाला आणि कोणाकडून. म्हणजे भेटकार्डाचा जन्मच मुळी पत्र लिहिणं टाळण्यासाठी झाला! आपल्याकडं तारखात्यानं याच्या पुढची मजल गाठली होती. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. आपण नुसता क्रमांक लिहायचा, पलीकडं वाक्य उमटायचं. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. पण आज मोबाइलवर आपण जे पुढं ढकलतो, तो त्या क्रमांकाचाच नातू आहे.

या सगळ्यावर तोडगा म्हणून हातानं केलेलं कार्ड आलं. छापील नको, मायेचं हवं, असं म्हणत आलं. आणि त्यानं काय केलं? चित्र हातानं केलं आणि बोलणं मात्र ठशाकडंच ठेवलं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. चार तास पणत्या कापण्यात घालवायचे आणि चार ओळी लिहायला हात आखडायचा, हे उलटं झालं. चित्र ठशाचं असलं तरी चालेल. वाक्य ठशाचं चालणार नाही.

ॲरिस्टॉटल येणार म्हटलं होतं, तो आता येतो. आपल्याला जाणीव कशी होते हे सांगताना तो मेणाचा दाखला देतो. मेण अंगठीची मुद्रा घेतं, पण अंगठीचं लोखंड किंवा सोनं घेत नाही. नुसता आकार येतो, धातू तिकडंच राहतो. दाखला त्यानं दुसऱ्या कामासाठी दिला, मी माझ्यासाठी वापरतो. "शुभ दीपावली"च्या ठशातून आपल्यापर्यंत शुभेच्छेचा आकार पोचतो. पाठवणारा तिकडंच राहतो.

हे मी लोकांना शिकवण्याआधी स्वतः शिकायला हवं होतं. विभागप्रमुख असताना मी दर दिवाळीला छापील कार्डं पाठवायचो. खाली सहीसुद्धा रबरी शिक्क्याची. वडील भावाला, दादालाही तेच कार्ड जायचं. दादा गेल्यावर गावी त्याची खोली आवरायला घेतली. भिंतीवर तारेच्या आकड्यात ओवलेली पत्रं होती. त्यात माझी विद्यार्थीदशेतली पोस्टकार्डं होती, फी भरायची आहे, पैसे पाठव, असली. ती सगळी त्यानं जपली होती. दिवाळीचं एकही कार्ड तारेवर नव्हतं. ती नंतर एका वहीत सापडली. कागद जाड आणि पाठ कोरी, म्हणून दादानं तिच्यावर सालगड्याचा आणि खताचा हिशेब लिहिला होता. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. माणूस जिथं मला भेटला तिथं त्यानं मला जपलं. जिथं फक्त कागद भेटला तिथं त्यानं कागद वापरला. यापेक्षा चोख समीक्षा मी वाचलेली नाही.

आता डबे. डब्यांबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली उपयोगाची. आकाशकंदिलाच्या आकाराचा एक सुंदर डबा होता, पण त्यात चकली ठेवली की कोपऱ्यात मोडायची. दुसऱ्यात चिवडा भरला होता, संध्याकाळपर्यंत तेलाचे डाग बाहेर आले. आतून साधा बटर पेपर लावला असता तर भागलं असतं. डबा कितीही देखणा असू द्या, त्याची परीक्षा अखेर आतला फराळच घेतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्याकडं फराळाचं ताट शेजारी जायचं, वर विणलेला रुमाल झाकून. ते ताट रिकामं परत येत नसे. निदान चिमूटभर साखर तरी घालून यायचं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तूंवर एक मोठा निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परतफेड करणं ही तिन्ही बंधनं मिळून भेट पुरी होते, असं त्याचं म्हणणं. आमच्या आईनं मॉस वाचला नव्हता, पण रिकामं ताट परत करताना ती मला दारातून मागं बोलवायची. कागदी डबा परत करावा लागत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा दोष. तो गेला की गेला. जातोय तिकडून परत यायला त्याला कारणच उरत नाही.

मग करायचं काय? डाय मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. या कामातून काही घरांत दोन पैसे येतात, मुलांचा हात वळतो, एरवी मोबाइलवर जाणारी दुपार टेबलाशी जाते. माझ्या सूचना अगदी लहान आहेत. बाहेर हवे तेवढे ठसे मारा. आतलं एक पान पूर्ण कोरं सोडा आणि ते स्वतः लिहा, अक्षर कसंही असो. विक्रीसाठी करत असाल तर आतलं पान कोरंच विका. ते भरण्याचं काम घेणाऱ्याचं आहे, तुमचं नाही. डबा जरा टिकाऊ करा आणि झाकणाच्या आत लिहा, "परत यावा." मग बघा, तो डबा संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतो की नाही.

आणि परीक्षकांसाठी एकच सूचना. कार्ड आधी उघडा.

प्रदर्शनानंतर मी त्या मुलीला एक पोस्टकार्ड लिहिलं. तुझ्या कार्डाला गुण देताना चूक झाली, ती माझी होती, एवढंच. सोबत ठसा वगैरे काही नव्हतं. पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. बक्षिसाबद्दल त्यात काहीच नव्हतं. फक्त लिहिलं होतं, "सर, मामा आले होते."