राधेचे मनोगत कुठे आहे?

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आमच्या घरात तीनदा विकत घेतली गेली. पहिली प्रत वडिलांची. अंबरपेठेतल्या जुन्या घराच्या ओलीने तिची पाने गेली. दुसरी कोणीतरी वाचायला नेली, ती परत आली नाही. (मराठी घरांत या पुस्तकाचे असेच होत असावे.) तिसरी प्रत माझ्या मुलीने दहावीच्या सुट्टीत वाचली आणि पुस्तक मिटून मला विचारले, "बाबा, यात सगळे बोलतात, मग राधा का बोलत नाही?"

प्रश्न साधा होता. आमच्या घरात मात्र तो साधा नव्हता. आमची मुलगी दत्तक आहे. ती घरी आली त्या दिवशी माझ्या आईने तिला ओवाळले आणि म्हणाली, "देवाने दिली गं बाई." शेजारच्या अम्मा दारातूनच म्हणाल्या, "देवुडिच्चिन बिड्ड," म्हणजे देवाने दिलेली लेक. दोन भाषांत एकच वाक्य! ते ऐकून आम्हा दोघांचे डोळे भरून आले होते. त्या वाक्यावर आम्ही पुढे पंधरा वर्षे निभावून नेले.

'मृत्युंजय' १९६७ साली आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण तीत आपापले मनोगत सांगतात. जन्म देणारी आई बोलते, बायको बोलते, धाकटा भाऊ बोलतो, परमेश्वरही बोलतो. जिने वाढवले ती तेवढी बोलत नाही. चंपानगरीतल्या बालपणाची पाने या कादंबरीतली सर्वांत मायेची पाने आहेत, असे मी आजही म्हणेन. पण त्या पानांतली राधा आपल्याला दिसते ती कर्णाच्या आणि शोणाच्या नजरेने. आपण सहाशेहून अधिक पाने वाचतो आणि आपले काही चुकल्यासारखे वाटत नाही, हा दोष एकट्या सावंतांचा नव्हे. तो आपणा वाचकांचाही आहे.

कर्णावरच्या मराठी लेखनाची नुसती शीर्षके पाहिली तरी पुष्कळ कळते. शिरवाडकरांचे नाटक 'कौंतेय', सन १९५३. रणजित देसाई यांची कादंबरी 'राधेय', सन १९७३. एकाच माणसाला वीस वर्षांच्या अंतराने दोन आयांची नावे मिळाली. या दोहोंच्या मध्ये इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आले, तेही १९६७ सालीच. त्यांच्या विवेचनाचा रोख कर्णाच्या 'मी कोण?' या प्रश्नावर आहे. देसाईंनी शीर्षकापुरता तरी निकाल दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांना कर्ण भेटला तो रामारावांच्या १९७७ च्या 'दानवीरशूर कर्ण' या चित्रपटात. तिथे शीर्षकात आई नाही, दान आहे. कन्नड वाचणाऱ्यांना पंप आठवेल. त्याने दहाव्या शतकात, आज तेलंगणात असलेल्या वेमुलवाड्याच्या दरबारात, आश्रयदात्या राजाला अर्जुनाच्या जागी बसवून काव्य रचले, आणि तरीही कर्णाचे मोठेपण त्याला झाकता आले नाही.

मुलीच्या प्रश्नानंतर मी मूळ महाभारताचे भाषांतर काढून बसलो. वनपर्वात पेटी अश्वनदीतून चर्मण्वतीत, तिथून यमुनेत आणि मग गंगेत वाहत चंपेपर्यंत येते. ती प्रथम राधेला दिसते. पेटी उघडल्यावर अधिरथ म्हणतो त्याचा आशय असा, की मला मूल नव्हते, हा मुलगा मला देवांनीच दिला. म्हणजे माझ्या आईचे वाक्य निदान दोन हजार वर्षे जुने निघाले. पुढे त्यांना पोटचे मुलगेही झाले, असेही व्यास एका ओळीत सांगून टाकतात. कर्ण मात्र थोरलाच राहिला.

दुसरा प्रसंग उद्योगपर्वातला. श्रीकृष्ण कर्णाला शास्त्र सांगतो: कानीन पुत्र आईच्या नवऱ्याचा ठरतो, सबब तू पांडव आहेस, राज्य तुझे आहे. कर्ण शास्त्राला शास्त्राने उत्तर देत नाही. तो सांगतो की माझ्यावरच्या मायेने राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड मी कसा बुडवू? अधिरथाने माझे जातकर्म केले, नाव ठेवले, लग्ने करून दिली. वीररसाच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात, युद्ध तोंडावर आलेले असताना, एक योद्धा आपल्या दुपट्यांचा हिशेब सांगतो! कर्णाचे कवचकुंडलांचे दान आपण पिढ्यान्‌पिढ्या गाजवले. त्याच्या तोंडचा हा भाग कीर्तनात मी तरी कधी ऐकला नाही.

यानंतर कुंती गंगेकाठी येते. कर्ण तिला राधेचा आणि अधिरथाचा मुलगा म्हणून नमस्कार करतो. ती म्हणते, तू राधेय नाहीस, कौंतेय आहेस. तेवढ्यात आकाशातून प्रत्यक्ष सूर्याची वाणी होते की आई सांगते ते खरे, तिचे ऐक. जन्मदाता बाप आणि देव, दोन्ही एकाच आवाजात बोलतात. तरी कर्ण ढळत नाही. दैवी संकेत मानायचाच तर या कथेत ते दोन आहेत: एक सारथ्याच्या तोंडचा, दुसरा आभाळातला. कर्णाने सारथ्याचा मानला. माझ्या मते कर्णाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि आपल्या लेखकांनी त्याला मैत्रीची निष्ठा म्हणून दुर्योधनाच्या खात्यावर टाकले. मैत्री होतीच, ती कर्णाने स्वतःही सांगितली आहे. पण तो बोलायला लागतो तेव्हा राधेपासून सुरुवात करतो.

इथवर लिहून लेख संपवला असता तर आमच्यासारख्या आईबापांना तो गोड लागला असता. पण अठराव्या वर्षी मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "देवाने मला तुम्हाला दिलं, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून घेतलं ना?" मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

उत्तर नव्हे, पण त्याच्या जवळचे काहीतरी मला पुन्हा उद्योगपर्वातच सापडले. कुंती स्वतः दत्तक होती, हे आपल्या लक्षात राहत नाही. ती शूरसेनाची मुलगी पृथा. शूरसेनाने ती निपुत्रिक कुंतिभोजाला देऊन टाकली, म्हणून ती कुंती झाली. म्हणजे ज्याला आपण रक्ताचे नाव समजतो ते 'कौंतेय' हेदेखील दत्तकघराकडूनच आलेले! आणि ही कुंती उतारवयात कृष्णापाशी तक्रार करते, की मी चेंडू खेळण्याच्या वयाची असताना बापाने मला उचलून दुसऱ्याला दिले. तिला ती देवाची योजना वाटत नाही. ती दुर्योधनालाही दोष देत नाही, बापाला देते. पुढे याच मुलीने नदीत पेटी सोडली, आणि आपले मूल अंगदेशात सूताच्या घरी वाढते आहे हे हेरांकडून कळल्यावरही ती गप्प बसली.

'देवाने दिली' हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडी शोभते. तिथे ते कृतज्ञतेचे आहे. तेच वाक्य दिलेल्या मुलाला ऐकवले, की त्याची तक्रार करायची जागा बंद होते. आणि पेटी सोडणाऱ्या मुलीला ऐकवले, तर तिच्यावर काय गुदरले हे विचारायची गरजच उरत नाही. आम्ही नेमके हेच पंधरा वर्षे केले होते, चांगल्या मनाने केले होते. आपल्याकडे पूर्वी दत्तक घ्यायचे ते पिंडासाठी आणि वतनासाठी, तेही मुलगाच. मुलगी दत्तक घेण्याची कायद्याने सोय झाली ती १९५६ साली. त्यामुळे दत्तक मुलीने विचारायच्या प्रश्नांची आपल्या वाङ्मयाला सवय नाही. पृथेची तक्रार तेवढी व्यासांनी नोंदवून ठेवली, आणि आपण ती वगळून वाचली.

म्हणून मला राधेचे मनोगत हवे आहे, पण ते पान्ह्याचे आणि त्यागाचे नको. पेटीवर वाहिलेल्या दूर्वा आणि कुंकू तिने पाहिले होते. कुणीतरी बाळाला मायेने निरोप दिला आहे, हे तिला त्याच क्षणी कळले असणार. ते कुंकू तिने पुसले की जपून ठेवले? हस्तिनापुराकडून रथ आला की तिच्या पोटात काय होत असेल? हे लिहिणारा लेखक मराठीला अजून भेटायचा आहे.

माझी मुलगी म्हणते, हे प्रकरण आधी तेलुगूत लिहून होईल. मी मराठीवर पैज लावली आहे. हरलो तर तिला 'राधेय'ची नवी प्रत घेऊन द्यायची आहे, कारण आमची प्रतही कोणीतरी नेली आहे.