नियम पाळणारा, तरीही दुबळा परवलीचा शब्द

आमचे दाजी वरवंड परिसरातील एका शाळेत गणित शिकवतात. विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात आहे. मागे त्यांच्याकडे गेलो असता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली एक चिठ्ठी दिसली. तीवर रोमन लिपीत गावाचे नाव, त्यातले पहिले अक्षर मोठे, पुढे @ हे चिन्ह आणि शेवटी एक आकडा. हा आकडा पाच-सहा वेळा खोडलेला. "दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणतात, म्हणून एकने वाढवतो. सगळे नियम पाळलेत की, पाहुणे!" दाजी म्हणाले.

नियम पाळले होते हे खरेच. दोष नियमांत आहे.

एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल, हा उपदेश जगभर पसरण्यास अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेची एक मार्गदर्शिका बरीचशी कारणीभूत ठरली. तिचे लेखन बिल बर यांनी २००३ च्या सुमारास केले. लोक प्रत्यक्षात कसले पासवर्ड निवडतात याची पुरेशी आकडेवारी तेव्हा त्यांच्या हाती नव्हती. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी या कामाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती आणि कारण नसताना केलेला बदल, दोन्ही गोष्टी करू नयेत असे सुचवले. आपल्याकडील सूचनाफलकांवर मात्र जुनाच पाठ अजून सर्रास आढळतो.

जुन्या उपदेशामागचे गणित चुकीचे नव्हते. फक्त लहान इंग्रजी अक्षरांतून आठ अक्षरे निवडली तर २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,९०० कोटी शक्यता होतात. कळफलकावरील सर्व ९४ चिन्हे घेतली तर त्या सुमारे ६१ कोटी कोटी होतात. पण हे गणित चिन्हे यदृच्छेने निवडली असतील तरच लागू पडते. माणूस तशी निवड करत नाही. मोठे अक्षर आरंभी, अंक शेवटी आणि मध्ये @, हे चोरालाही ठाऊक असते. समजा, दहा हजार नावे, दीडशे वर्षे आणि पाच चिन्हे घेतली. गुणाकार येतो ७५ लाख. सेकंदाला शंभर कोटी तर्क करणाऱ्या यंत्राला याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. (संकेतस्थळावर एकेक तर्क करून पाहणे इतके वेगवान नसते. हा वेग पासवर्डांची सांकेतिक रूपातील यादीच चोरीला गेल्यावरचा आहे.)

आणि दर तीन महिन्यांचा बदल? नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली साडेसात हजारांहून अधिक जुनी खाती तपासली. आधीचा पासवर्ड माहीत असेल तर पुढचे ४१ टक्के पासवर्ड प्रत्येकी तीन सेकंदांच्या आत ओळखता येतात, असा त्यांचा अंदाज निघाला. आमच्या दाजींचा तर तीन सेकंदही टिकला नसता.

मग करावे काय? अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये एक साधी रीत सुचवली. फासा पाच वेळा टाकायचा. येणाऱ्या आकड्यांचे ६ चा पाचवा घात, म्हणजे ७,७७६ प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकारासमोर यादीत एक शब्द असतो. असे पाच शब्द घेतले की शक्यता होतात सुमारे २.८ लाख कोटी कोटी. वर उल्लेखिलेल्या यंत्राला त्या सगळ्या तपासायला सुमारे नऊशे वर्षे लागतील. चारच शब्द घेतले तर बेचाळीस दिवस. एका शब्दाने पडणारा हा फरक वर्गात घातांक शिकवताना फळ्यावर मांडावा असा आहे.

मराठी शब्दांची यादी शाळेतच करता येईल. छत्तीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २१६ वेगळे शब्द आणायचे: पहिल्या दोन फेकींनी विद्यार्थी ठरतो, पुढच्या तिन्हींनी त्याचा शब्द. 'ज्वारी' रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येते, तेव्हा यादीत एकच रूप पक्के करावे, नाहीतर आपणच आपल्या दाराबाहेर राहू. यादी गुप्त ठेवण्याची गरज नाही. ती भिंतीवर टांगली तरी चालेल, कारण बळ फाशात आहे. मात्र आलेला शब्द आवडला नाही म्हणून दुसरा घ्यायचा नाही. आणि एक पासवर्ड एकाच खात्याला. फोनवरून गोड बोलून कोणी तो काढून घेतला तर अर्थातच हे सारे गणित निरुपयोगी आहे.

दाजींनी लुडोचा फासा आणला. तयार यादी नसल्याने मी पाठ्यपुस्तकातील शब्दांना घाईने क्रमांक दिले, त्यामुळे आमची यादी बरीच तोकडी होती. तरी बैल, छत्री, मीठ, पाटी, वारा असे पाच शब्द निघाले आणि दाजींचे ते लगेच पाठही झाले. संकेतस्थळाने ते नाकारले. पासवर्ड बारा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्यात एक मोठे अक्षर, एक अंक व एक चिन्ह असावे, असे लाल अक्षरांत उमटले. निस्टची २०२५ ची आवृत्ती, केवळ पासवर्डवर उघडणाऱ्या खात्यासाठी, किमान पंधरा अक्षरे मागते. दाजींनी चिठ्ठीवरचा आकडा खोडला आणि पुढचा लिहिला.